त्याला रोजा लागलाय असं समजा

रमजान सुरू झाला की या पानाच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट हमखास येते. गळ्यात गुलाबाचा हार, डोक्यावर नवी टोपी, डोळे झोपेनं जड झालेले, आणि खाली ओळ: अमुक नगरातल्या सहा वर्षांच्या चिमुकल्यानं पूर्ण केला पहिला रोजा. मी ती चौकट आधी वाचते, मग बाकीचं पान. पोर ओळखीचं निघालं तर त्याच्या आईला फोन करून मुबारकबाद देते. ज्यांना हा रिवाज माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पहिल्या रोजाला घरात ‘रोजा कुशाई’ करतात. नातेवाईक जमतात, पोराला नवे कपडे, हार, हातावर थोडे पैसे मिळतात. वयात येईपर्यंत मुलांवर रोजा फर्ज नसतो, म्हणजे बंधनकारक नसतो. हे सगळं कौतुकापोटी.

माझा धाकटा यंदा दहा वर्षांचा आहे. त्याचा फोटो त्या चौकटीत आलेला नाही. “उसकी रोजा कुशाई कब?” असं दर रमजानला कुणीतरी विचारतंच. पूर्वी मी काहीतरी बहाणा सांगायचे, पोट बिघडलंय, ताप होता. आता सरळ सांगते की त्याला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. माझा मुलगा स्वतःत मग्न नाही. उलट बाहेरचं जग त्याच्यावर इतकं येऊन आदळतं की त्याला कान झाकून बसावं लागतं. असो. ऑटिझम म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “म्हणजे डोक्यानं कमी आहे का?” मग मी समोरच्याला बसायला सांगते आणि सांगत राहते. आज तेच जरा जास्त लोकांना सांगायचं आहे.

आमच्या घरांत एक वाक्य बोललं जातं: “उसको रोजा लगा है.” रोजा ठेवणं वेगळं आणि रोजा लागणं वेगळं. दुपारची जोहरची नमाज होईपर्यंत माणूस ठीक असतो. असरच्या सुमारास, साडेचार-पाचला, चहाची तल्लफ डोक्यात ठणकायला लागते. शेजारचा मिक्सर कवटीत फिरतोय असं वाटतं. गल्लीत भज्यांचा घाणा निघतो, त्याच्या वासानं पोटात कालवतं. पोरांचा ओरडा सहन होत नाही, घामाचा सदरा पाठीला चिकटला तरी चीड येते. एरवी शांत असलेला बाप क्षुल्लक गोष्टीवरून खेकसतो. त्याला कुणी असभ्य म्हणत नाही. आई पोरांना हळूच सांगते, जाऊ दे, अब्बांना रोजा लागलाय. टीव्हीचा आवाज कमी होतो, खोलीतला दिवा मालवला जातो, त्याच्या वाट्याची कामं दुसरं कुणी करतं. सगळं घर तासा-दोन तासांसाठी त्या एका माणसाच्या बेतानं चालतं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

माझ्या मुलाची सकाळच अशा असरपासून सुरू होते. तुलना पुरी नाही हे मला कळतं. आपला रोजा मगरिबला सुटतो आणि एक खजूर तोंडात पडला की माणूस पुन्हा माणसात येतो. त्याच्या दिवसाला तशी अजान नाही. शिवाय आपण रोजा स्वतः ठेवलेला असतो. पण ज्यांनी कधी रोजा ठेवला आहे, किंवा चतुर्थीला, एकादशीला निर्जळी उपास केला आहे, त्यांना चार वाजताचं आपलं डोकं आठवलं तर माझ्या मुलाबद्दलचं निम्मं सांगून झालं.

राहिलेलं निम्मं डॉक्टरांकडून आणि थेरपिस्टकडून मी शिकले. जीन एयर्स नावाच्या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी १९७० च्या दशकात हा विचार नीट मांडला. शाळेत पाच ज्ञानेंद्रियं शिकवतात. त्याशिवाय शरीराला तोल कळतो, आणि आपले हातपाय कुठे आहेत, किती जोर लागतोय हेही न बघता कळतं. ही सगळी माहिती मेंदूत येते आणि मेंदू ती गाळून घेतो. पंख्याची घरघर, कॉलरच्या आतलं लेबल, ट्यूबलाइटची थरथर आपल्याला जाणवत नाही, कारण ती मेंदूनं बाजूला सारलेली असते. काही मुलांत हे गाळणं वेगळ्या पद्धतीनं होतं. एखादी गोष्ट फार येते, एखादी येतच नाही. माझ्या मुलाला कुकरची शिट्टी असह्य होते, पण गुडघा फुटून रक्त आलं तरी तो खेळत राहतो. लोकांना यात ढोंग दिसतं. “तेव्हा बरं रडला नाही!” त्याला हलका हात लावला तर तो दचकतो, पण गोधडीत घट्ट गुंडाळून ठेवलं तर निवांत होतो. माझ्या सासूबाईंनी शिवलेली एक जड गोधडी आहे, जुन्या लुगड्यांची आणि सदऱ्यांची. शहरात वजनदार ब्लँकेट म्हणून जे हजारो रुपयांना मिळतं, ते आमच्या पेटीत आधीच होतं.

रमजान हा आवाजांचा, वासांचा आणि मोडलेल्या वेळापत्रकाचा महिना आहे, हे त्याच्यामुळे माझ्या लक्षात आलं. आम्हा सगळ्यांना या महिन्यात जे आवडतं तेच त्याला जड जातं. पहाटे चारला भांडी वाजतात. जेवायच्या वेळा उलट्या होतात. इफ्तारला दस्तरखानावर दहा पदार्थ आणि वीस माणसं. तो मोजून चार गोष्टी खातो: पांढरा भात, एका ठरावीक कंपनीचं बिस्किट, भाजलेले शेंगदाणे आणि केळी. केळीवर काळा ठिपका चालत नाही. निदान पोरगं जळगावात जन्मलं, असं त्याचे अब्बा हसून म्हणतात. पाहुणे आग्रह करतात, कुणी प्रेमानं भज्याचा तुकडा त्याच्या तोंडाजवळ नेतो, आणि मग जे होतं त्याला सगळे ‘जिद्द’ म्हणतात. ती जिद्द नसते. कुणी तुमच्या तोंडात वाळू भरायला लागलं तर तुम्हीही तेच कराल.

सगळ्यात अवघड होता तो सायरन. आमच्या मशिदीवर सहर संपताना आणि इफ्तारला भोंगा वाजतो. चार वर्षांचा असताना पहिल्यांदा तो त्याच्या नीट लक्षात आला, आणि त्यानंतरचे अठ्ठावीस दिवस तो रोज पहाटे पलंगाखाली सापडायचा, कानावर हात, कपडे ओले. इफ्तारच्या आधी तासभर तो दारापाशी उभा राहून थरथरायचा, कारण आता कधीतरी तो आवाज येणार हे त्याला माहीत होतं, नेमका कधी ते माहीत नव्हतं.

भोंग्याचा विषय निघाला की दोन्हीकडचे लोक सावरून बसतात. मी त्या वादात नाही. मला माझ्या पोराची झोप हवी होती. त्याचे अब्बा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहेत. तिथे मशीनवर उभ्या राहणाऱ्यांना कानाला लावायचे मोठे टोप देतात, तसला एक टोप त्यांनी विकत आणला. निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी ते मशिदीत गेले. तिथे एकानं ऐकून घेऊन सांगितलं की अजानच्या वेळी पोर घाबरतं म्हणजे ‘असर’ आहे, कुणाला तरी दाखवा. ते खाली मान घालून परत निघाले. तेव्हा म्हाताऱ्या मुअज्जिन साहेबांनी त्यांना जिन्याशी गाठलं आणि एवढंच विचारलं, “बेटा, किती आधी कळलं तर चालेल?”

तेव्हापासून रमजानचे तीस दिवस, दोन्ही वेळेला, सायरनच्या दोन मिनिटं आधी माझ्या फोनवर एक मिस्ड कॉल येतो. मी टोप त्याच्या हातात देते, तो स्वतः कानावर चढवतो आणि बोटांवर मोजायला लागतो. सायरन वाजतो. तो मोजत राहतो. संपलं.

सहा वर्षांत तो मिस्ड कॉल एकदाही चुकलेला नाही. सवलत, समावेशन, सुलभता असे मोठमोठे शब्द मी सभांमध्ये ऐकते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो फोन येतो. भोंगा बंद झाला नाही, कुणाची इबादत अडली नाही, एक पैसा खर्च झाला नाही. एका माणसानं दोन मिनिटं आधी आठवण ठेवली.

हे धर्माबाहेरचं काही आहे असं कुणाला वाटत असेल तर एक गोष्ट सांगते. अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे सहकारी, डोळ्यांनी अंध. एकदा प्रेषित मक्केतल्या बड्या सरदारांशी बोलत असताना ते मध्येच काही विचारायला आले आणि प्रेषितांच्या कपाळावर आठी पडली. आंधळ्या माणसाला ती आठी दिसणारही नव्हती. तरी त्यावर कुरआनात आयती उतरल्या, आणि ‘अबस’ नावाची ८० वी सूरत तिथूनच सुरू होते. गरजू माणूस दारात असताना बड्यांकडे लक्ष देण्याबद्दल खुद्द प्रेषितांना तिथे टोकलं आहे. पुढे हेच इब्न उम्मे मक्तूम मदिनेत मुअज्जिन झाले. रमजानशी त्यांचं नातं आणखी जवळचं. हदीसमध्ये येतं की बिलाल (रजि.) रात्र असतानाच अजान देत, म्हणून लोकांना सांगितलं होतं की इब्न उम्मे मक्तूमची अजान होईपर्यंत खा-प्या. म्हणजे रोजा कधी सुरू झाला हे ज्याच्या आवाजावरून ठरायचं तो माणूस अंध होता. त्याला पहाट कशी कळायची? आजूबाजूचे लोक सांगायचे, सकाळ झाली, सकाळ झाली. मग तो अजान द्यायचा. काम डोळसाकडे सोपवणं सोपं होतं. तसं केलं नाही. शेजारी उभं राहून सांगायची पद्धत ठेवली.

आणि मशिदीत लहान मूल रडलं की प्रेषित नमाज आटोपती घेत, आईच्या जिवाला घोर लागू नये म्हणून. नात उमामा हिला कडेवर घेऊन त्यांनी नमाज पढल्याचं बुखारीत आहे. हे आमच्याकडे प्रत्येकाला तोंडपाठ असतं, दरवर्षी बयानात ऐकवलं जातं. तरीही दोन वर्षांपूर्वी त्याचे अब्बा त्याला तरावीहला घेऊन गेले, मागच्या सफमध्ये दारापाशी उभे राहिले, तो डुलत होता आणि अधूनमधून हुंकार देत होता, तेव्हा सलाम फिरवल्यावर तीन जणांनी मागे वळून बघितलं आणि चौथ्यानं सांगितलं, “ऐसे बच्चे को घर पे रखो.” त्या रात्री ते दोघं मेहरुण तलावावर जाऊन बसले आणि उशिरा घरी आले. त्यांनी मला काही सांगितलं नाही. मला दुसऱ्या दिवशी बाजारात कळलं.

मी या बाबतीत मशिदीला वेगळं काढत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत आमच्या चौकात डीजेच्या भिंती लागतात तेव्हा खिडक्यांच्या काचा वाजतात. त्या रात्री शेजारच्या वहिनी त्यांच्या पोराला घेऊन माहेरी, एरंडोलकडच्या खेड्यात निघून जातात. त्याला फिट्स येतात. दिवाळीच्या लडी, लग्नाच्या वरातीतला बेंजो, मोहरमचे ताशे, निवडणुकीच्या रिक्षा. आवाजाला आपण श्रद्धेचं माप केलं आहे आणि या बाबतीत आपल्यात अजिबात फूट नाही. वहिनींना आणि मला एकमेकींचा आधार आहे तो याच कारणानं. थेरपीच्या केंद्रात बाहेरच्या बाकावर आम्ही बसतो तेव्हा बुरखा, पंजाबी ड्रेस, नऊवारी सगळं एका रांगेत असतं, आणि बोलणं एकच: आज झोपला का, आज काय खाल्लं, शाळेनं पुन्हा बोलावलं का.

मधल्या दोन वर्षांचा हिशेब मला अजून लागत नाही. तीन वर्षांचा झाला तरी तो ‘अम्मी’ म्हणत नव्हता. हाक मारली तर वळायचा नाही, पण दुसऱ्या खोलीत बिस्किटाचा पुडा फाडला की धावत यायचा. मला शंका होती. सगळे म्हणाले, मुलगे उशिरा बोलतात, याचे दादाही पाच वर्षांनी बोलले होते. नजर उतरवली, दम केलेलं पाणी पाजलं, दोन ताविज बांधले. दुआ मी आजही करते, त्याला माझी ना नाही. पण दुआ आणि दवा यांत निवड करायला कुणी सांगितलं आहे? ती दोन वर्षं गेली ती परत येत नाहीत, आणि याच वयात भाषेचं काम सगळ्यात जास्त होतं. निदान शेवटी नाशिकला झालं. त्याआधी एका मोठ्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत मलाच विचारलं होतं, “तुम्ही मोबाइल फार देता का?”

दोष आईचा, हे बोलणं जुनं आहे आणि फक्त आपल्याकडचं नाही. लिओ कॅनर या डॉक्टरनं १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकात जागा दिली, तेव्हापासून थंड, कोरड्या आईमुळे मूल असं होतं ही कल्पना अमेरिकेत फोफावली. ब्रुनो बेटलहाइमनं १९६७ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याच्या तीनच वर्षं आधी बर्नार्ड रिमलँडनं, जो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता, दाखवून दिलं होतं की हे जन्मतः मेंदूच्या घडणीशी जोडलेलं आहे. तरी कित्येक वर्षं आयांना शिक्षा भोगावी लागली. लसीचंही तसंच. १९९८ मध्ये एका इंग्रज डॉक्टरच्या निबंधावरून लस आणि ऑटिझमची अफवा उठली, २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकानं तो निबंध मागे घेतला; अफवा मात्र अजून गल्लीबोळांत फिरते. माझ्याच नात्यातल्या एका सुनेनं माझ्या मुलाकडे बघून तिच्या बाळाची गोवरची लस टाळली. तिला मी स्वतः घेऊन गेले.

ही मुलं थोडी नाहीत. २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये एक भारतीय अभ्यास छापून आला. देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांची मुलं तपासली होती; उत्तर गोवा त्यातलं एक. ऐकण्या-बघण्यातल्या अडचणी, फिट्स, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, एडीएचडी, शिकण्यातल्या अडचणी अशा नऊ गोष्टी धरल्या तर सहा ते नऊ वर्षांच्या गटात शंभरातल्या तेरा-चौदा मुलांत त्यातलं किमान एक सापडलं. पन्नास पोरांच्या वर्गात सहा-सात. गुरुजींना ती ‘मागच्या बाकावरची’ म्हणून ठाऊक असतात.

कायदा वाईट नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हताच. तो कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्यांत जावेद आबिदी आघाडीवर होते, अलीगढचे, चाकाच्या खुर्चीवरून लढणारे. २०१८ मध्ये ते गेले. २०१६ च्या नव्या कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यात ऑटिझम आहे, शिकण्यातली अक्षमता आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत विमा देते, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. आमच्या मोहल्ल्यात मी ज्या आठ कुटुंबांना विचारलं त्यातल्या एकालाच हे माहीत होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन मुलं तपासतात. अंगणवाडीत नाव असूनही त्या दिवशी पोराला घरी ठेवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, कुणी ‘शिक्का’ मारेल म्हणून. शिक्का आधीच बसलेला असतो, बायांनो. मोहल्ल्यानं तो मारलेला असतो. कागदावर आला की निदान त्याचा उपयोग होतो.

दहावीच्या परीक्षेत शिकण्यातली अक्षमता असलेल्या मुलांना सवलती देण्याचं काम महाराष्ट्रानं १९९६ मध्येच सुरू केलं. ‘तारे जमीन पर’ त्यानंतर अकरा वर्षांनी आला. सिनेमा पाहून रडणारे आपण सगळे, आणि आपल्याच भाच्याला ‘ढ’ म्हणणारेही आपणच.

शाळेत माझ्या मुलाच्या डुलण्यावरून तीन वेळा बोलावणं आलं. मकतबमध्ये, जिथे मुलं संध्याकाळी अरबी वाचायला शिकतात, तिथून एकदाही आलं नाही. कारण तिथे सगळीच मुलं डुलत वाचतात. हाफिज साहेब स्वतः डुलतात. त्याला अक्षरं तिथेच आधी आली. मला हे फार उशिरा सुचलं की त्यात चमत्कार काही नव्हता. त्याच्या शरीराला जे हवं होतं ते तिथे सगळ्यांना चालत होतं, एवढंच.

आता थोडं कडू बोलते. या महिन्यात सब्राचं फार ऐकायला मिळतं. रमजान हा सब्राचाच महिना. पण माझ्यासारख्या आयांना सब्र नेहमी बाहेरून सांगितला जातो. “अल्लाहनं तुला निवडलंय, सब्र कर.” पहाटे तीनला उठणारी, तासाला पाचशे रुपये देऊन आठवड्याला तीनदा थेरपीला नेणारी, नोकरी सोडलेली बाई आणखी किती सब्र करणार? बसमधल्या माणसानं थोडा करावा. धुळ्याला माहेरी जाताना पारोळ्याजवळ एसटीचा हॉर्न अडकल्यासारखा वाजत राहिला, पोरगं किंचाळायला लागलं. मागच्या सीटवरचे एक गृहस्थ संपूर्ण बसला ऐकू जाईल असं म्हणाले, “आजकालच्या आया पोरांना वळण लावत नाहीत.” पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं मात्र वळून विचारलं, “काय व्हयनं वं माय त्याले?” मी सांगितलं. तिनं पदर काढून त्याच्या डोक्यावरून टाकला, उजेडही कमी झाला आणि आवाजही. धुळे येईपर्यंत तो त्या लुगड्याखाली बसून होता. तिनं कुठलं शिबिर केलेलं नव्हतं.

जकातीबद्दल एक. या दिवसांत जळगावात आणि धुळ्यात मोठ्या रकमा हातांतून जातात. आपण त्या बांधकामांना नाही, गरजूंना द्यायच्या असतात हे सगळ्यांना माहीत आहे. गरजू म्हटलं की आपल्याला शिधा आठवतो. रिक्षा चालवणाऱ्या बापाच्या पोराची वर्षभराची स्पीच थेरपी ही त्याच गरजेत येते की नाही, हे आपल्या आलिमांना विचारा. मी विचारलं आहे. कुटुंब जकातीला पात्र असेल तर रक्कम त्यांच्या हातात द्या, ते ती थेरपीवर खर्च करोत, असं मला उत्तर मिळालं. मला इतकं पुरलं. आणि त्या पैशांसोबत एखादी संध्याकाळ द्या. त्या घरातल्या बहिणीला शिकवणीला सोडून या. माझी थोरली चौदा वर्षांची आहे आणि तिच्या मैत्रिणी घरी येत नाहीत. तिनं तक्रार कधी केली नाही, त्याचाच मला त्रास होतो.

माझ्या मुलावर रोजा फर्ज होईल का? ज्याला समज नाही त्याच्यावर तो नाही, आजाऱ्याला सूट आहे, आणि सोय हवी आहे, अडचण नको, हे रोजाच्याच आयतींमध्ये सांगितलेलं आहे. पण ऑटिझम असलेली कितीतरी मुलं मोठी होऊन व्यवस्थित रोजे ठेवतात, घड्याळाच्या काट्याबरहुकूम. माझ्या मुलाला समज किती आहे हे मला पुरतं ठाऊक नाही, आणि मी ते आजच ठरवणार नाही. यंदा त्याला एक नवा नाद लागला आहे. किराणा दुकानात मिळणारा सहर-इफ्तारचा तक्ता त्यानं पाठ केला आहे, तीसही दिवस. धुळ्याहून त्याच्या नानीचा फोन आला तेव्हा त्यानं, जो फोनवर बोलत नाही, रिसीव्हर हातात घेऊन एकच वाक्य सांगितलं: “नानी, तुमची इफ्तार तीन मिनिटं उशिरा.” बरोबर आहे. धुळे आपल्या पश्चिमेला, तिथे सूर्य तेवढा उशिरा मावळतो. आता शेजारच्या वहिनीही संध्याकाळी भिंतीपलीकडून विचारतात, “आज किती वाजता रे?” तो मिनिटासकट सांगतो. त्यांना रोजा नसतो, पण विचारतात.

ईदला आमच्याकडे या. दाराची बेल वाजवू नका, खालून फोन करा. अत्तर लावून आलात तर तो लांब बसेल, मनावर घेऊ नका. गळाभेट त्याला नको असते. हात पुढे करून थांबलात तर कधी कधी बोट टेकवतो. नव्या कुडत्याचं लेबल मी आधीच उसवून ठेवलं आहे, तरी तो जुनाच टी-शर्ट घालून भेटेल असं वाटतं. शीरखुर्मा मी दुपारी बारानंतर गरम करते, कारण सकाळी त्याचा वास त्याला सोसत नाही. तेव्हा बारानंतर या.